तडा नेमका कुणाला गेलाय?

पत्र्याची गाडी खांबाला घासली की पोचा पडतो. गॅरेजवाला तो ठोकून काढतो, पुट्टी भरतो, रंग मारतो आणि विषय संपतो. फायबरग्लासच्या गाडीचं तसं नाही. धक्का बसला की तिचं अंग आत लवतं आणि सुटलं की जागेवर येतं. बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही. मग कधी काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, चकचकीत रंगावर केसाएवढी बारीक रेघ उमटते. मग तिच्या शेजारी दुसरी. मग कोळ्याचं जाळं.

अमेरिकेतली शेवरोले कॉर्व्हेट आणि इंग्लंडमधली लोटस या गाड्या सांभाळणाऱ्या लोकांची झोप या रेघेने गेली सत्तर वर्षं उडवली आहे. रेघ बुजवणं अवघड नाही. अवघड आहे ते ती कुठून आली हे ओळखणं. त्यासाठी ही गाडी कशी बनली, कशाने रंगवली आणि कुणी किती वेळा रंगवली, हा सगळा इतिहास माहीत असावा लागतो.

आधी 'फायबर' म्हणजे काय

आपल्याकडे टाकीपासून बंपरपर्यंत जे लोखंड नाही ते सगळं 'फायबर'. पण आजच्या गाड्यांचे बंपर बहुतेक नुसत्या प्लास्टिकचे असतात. फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई, रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केलेली. कोकणच्या किनाऱ्यावर लागलेल्या फायबरच्या होड्या आठवा, तीच ही जात. तंतू ताण घेतात आणि रेझिन त्यांना धरून ठेवतं. दोघांपैकी एकट्याच्या बळावर गाडी बनत नाही.

या तंतूंचा शोध थोडा अपघातानेच लागला. १९३२ मध्ये ओवेन्स-इलिनॉय या अमेरिकी काच कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायचा प्रयत्न करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर आदळला आणि काचेचा कापूस उडाला. त्याच्या वरिष्ठाने, गेम्स स्लेटरने, त्यातून उत्पादनाची पद्धत बसवली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कमी दाबाखाली घट्ट होणारी पॉलिएस्टर रेझिनं आली आणि काचेच्या चटईला जोडीदार मिळाला. विमानांच्या रडारवरची झाकणं यातूनच बनू लागली, कारण रडारच्या लहरी यातून आरपार जातात.

युद्ध संपल्यावर हे तंत्र होड्या बांधणाऱ्यांच्या हाती आलं. कॅलिफोर्नियातल्या बिल ट्रिटने होड्यांच्या कारखान्यात गाडीचं शरीर ओतून दाखवलं. १९५२ मध्ये 'लाइफ' मासिकाने त्यावर लेख छापला आणि डेट्रॉइटच्या बड्या कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं.

तीनशे पांढऱ्या गाड्या

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सच्या प्रदर्शनात हार्ली अर्लच्या डिझाइन विभागाची कॉर्व्हेट लोकांसमोर आली. गर्दी लोटली. जूनअखेर मिशिगनमधल्या फ्लिंटला ती बनूही लागली. पत्रा दाबायचे पोलादी साचे बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही अफाट लागतात. थोड्याच गाड्या विकायच्या असतील तर तो खर्च निघत नाही. फायबरग्लासचे साचे तुलनेने स्वस्त आणि लवकर तयार होणारे. हिशेब सरळ होता.

त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि जवळपास हातानेच जुळवलेल्या. शरीर एकसंध नव्हतं. वेगवेगळे तुकडे मागून पट्ट्या लावून चिकटवलेले होते. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची छिद्रं असायची, ती बुजवून, घासून मग रंग द्यावा लागे. पत्र्यावर हात बसलेल्या कामगारांना हे सगळं नव्याने शिकावं लागलं. पुढच्या वर्षी उत्पादन सेंट लुइसला गेलं आणि ३,६४० गाड्या बनल्या.

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमनने याहून धाडसी उडी मारली. १९५७ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या लोटस एलीटला वेगळी चासी जवळपास नव्हतीच. फायबरग्लासचं शरीर हाच तिचा सांगाडा. गाडी हलकी आणि देखणी झाली, पण सस्पेन्शन आणि डिफरन्शिअल जिथे बसवले होते तिथला सगळा ताण फायबरवर आला. १९६२ च्या एलानमध्ये चॅपमनने पाठीच्या कण्यासारखी पोलादी चासी दिली आणि फायबरचं अंग तिच्यावर बसवलं.

दोन्ही गाड्यांत एक मूलभूत फरक होता, आणि तडे समजून घ्यायला तोच कामाला येतो. कॉर्व्हेटचे भाग दोन साच्यांमध्ये दाबून बनत, त्यांच्यावर वेगळी कातडी नसे. लोटसचे भाग साच्यात हाताने घातले जात. आधी साच्यात जेलकोटचा थर, म्हणजे तंतू नसलेल्या रेझिनची साधारण अर्ध्या मिलिमीटरची गुळगुळीत कातडी, आणि तिच्या पाठीमागे काचेची चटई. जेलकोट दिसायला सुंदर, पण स्वभावाने ठिसूळ. मागची चटई लवली की ती लवते, पण तेवढं नाही. मग ती तडकते.

रंगाचीही एक गोष्ट आहे

आता वरचा थर. १९२० च्या दशकाआधी गाडी रंगवायला आठवडे लागत, कारण ब्रशने दिलेला व्हार्निश वाळायलाच तेवढा वेळ घेई. ड्यूपाँटच्या 'ड्यूको' या नायट्रोसेल्युलोज लॅकरने ते काम काही दिवसांवर आणलं. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो रंग आला आणि जनरल मोटर्सने लॅकर धरला तो धरलाच. फाळक्यांच्या काळातली फिल्मची रिळं ज्या पदार्थाची असत, त्याच घराण्यातला हा रंग.

लॅकर वाळतो तो आतला द्रव उडून जाऊन. नवा हात मारला की तो खालचा हात थोडा विरघळवून त्यात मिसळतो. त्यामुळे डाग काढणं, पॉलिश करणं सोपं. पण त्याला लवचीक ठेवणारे घटक वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातात. थर आकसतो, ठिसूळ होतो. उन्हाळ्यात तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला भेगा पडतात तसं त्याचं होतं. थर जितका जाड, तितक्या भेगा लवकर.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी कॉर्व्हेटवर अॅक्रिलिक लॅकर आला. तो जास्त टिकाऊ होता, पण जाड थराचं दुखणं त्यालाही होतंच. १९८१ मध्ये कारखाना केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हलला तेव्हा तिथे रंगावर पारदर्शक थर देणारी नवी पद्धत आली. म्हणजे अठ्ठावीस वर्षं या लवणाऱ्या शरीरावर न लवणारा रंग बसत होता. त्यात भर म्हणजे प्रत्येक नवा मालक हौसेने आणखी एक हात मारून घेई. कितीतरी गाड्यांच्या भेगा दुर्लक्षामुळे पडलेल्या नाहीत, अति मायेमुळे पडल्या आहेत.

तडा वाचायचा कसा

मी सॉफ्टवेअरवाला आहे. स्क्रीनवर एरर दिसते ती जागा आणि चूक झालेली जागा बहुतेक वेळा वेगवेगळी असते, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. एरर दिसू नये म्हणून ती लपवणारा कोड लिहिता येतो. तो काही दिवस चालतोही. तड्यावर पुट्टी चोपडणं म्हणजे हुबेहूब तेच.

जाणकार कारागीर आधी तड्याचा आकार बघतो. एका बिंदूपासून चांदणीसारख्या रेघा फुटल्या असतील तर त्या बिंदूवर काहीतरी आदळलंय, पुष्कळदा आतून: चाकाने उडवलेला दगड, डिकीत आदळलेलं सामान. बिजागरीपाशी किंवा बोल्टभोवती रेघा असतील तर बोल्ट जास्त आवळलाय, किंवा दार नीट न बसल्यामुळे दर वेळी ओढ बसतेय. कॉर्व्हेटवर लांब सरळ रेघ दिसली तर ती तुकड्यांच्या सांध्यावर आहे का, हे आधी पाहायचं. आणि सगळ्या बॉनेटवर बारीक चौकटी-चौकटी असतील तर फायबर बहुधा ठणठणीत आहे, दमलाय तो रंग.

मग खात्री करायची. बोटभर जागेतला रंग पॉलिश पेपरने हळूहळू उतरवायचा. रंगाबरोबर रेघ गेली तर दुखणं रंगाचं. प्रायमर गेला तरी ती तिथेच असेल, तर तडा खालच्या अंगाला गेलाय. तेव्हा नुसता रंग मारून उपयोग नाही. काही महिन्यांत रेघ त्याच जागी, त्याच आकारात परत येते.

इलाज त्यानुसार ठरतो. आधी कारण काढायचं: बोल्ट सैल करा, रबरी वॉशर घाला, दार नीट बसवा. मग तडा उलट रुंद करायचा. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी चर कोरून पक्कं अंग लागेपर्यंत खाली जायचं, तिथे काचेची पातळ चटई आणि रेझिन भरायचं, जमलं तर पाठीमागूनही एक थर द्यायचा. मगच प्रायमर आणि रंग. लहानशी रेघ घालवण्यासाठी तिला आधी मोठी करावी लागते, हे मालकाला पटवणं हाच या कामातला सगळ्यात कठीण भाग असावा.

घाई इथे महागात पडते. पत्र्यावरचा रंग काढायची जहाल रसायनं खालचं रेझिनही खातात. वाळूचा जोरदार मारा फायबर खरवडून टाकतो. त्यामुळे जुने जाड थर पात्याने आणि पॉलिश पेपरने, चांगला मास्क लावून, दिवसचे दिवस उतरवावे लागतात. नाहीतर रोगापेक्षा इलाज भयंकर.

भारतातही हे दुखणं येऊन गेलं आहे. ऐंशीच्या दशकात बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन ही इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली छोटी गाडी फायबरग्लासच्याच अंगाची होती. गंजण्याची भीती नाही, हा तिचा मोठा गुण. पण १९८३ च्या डिसेंबरात पत्र्याची मारुती ८०० आली. जिथे गल्लोगल्ली पत्रा ठोकणारे आहेत आणि चटई-रेझिनवाला शोधावा लागतो, तिथे या गाडीची निगा राखणं सोपं नव्हतं.

काढावा की ठेवावा

इतकं कळल्यावरही शेवटचा प्रश्न उरतोच. दुरुस्त करता येतं म्हणून करायचंच का?

१९७४ मध्ये जुन्या कॉर्व्हेटवाल्यांची एक राष्ट्रीय संघटना अमेरिकेत उभी राहिली. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती त्याच्या किती जवळ आहे, याचं परीक्षण ती करते. रंगसुद्धा त्यात आला. त्यातूनच एक पेच ठळक होतो. भेगाळलेला मूळ लॅकर खरवडून नवा रंग दिला तर गाडी मूळ गाडीसारखी दिसेल, पण मूळ रंग कायमचा गेलेला असेल. दुरुस्ती पन्नास वेळा करता येते. मूळपण एकदाच मिळतं.

या प्रश्नाला सगळ्यात मोठं उत्तर जमिनीने मागितलं. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे बोलिंग ग्रीनच्या नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये दालनाची फरशी खचली आणि आठ कॉर्व्हेट खाली कोसळल्या. तो सगळा भाग चुनखडीच्या गुहांचा. म्युझियम बंद होतं, कुणाला इजा झाली नाही. गाड्या मात्र चेचल्या गेल्या. आता बारीक रेघांचा नव्हे, अख्ख्या शरीरांचा प्रश्न होता.

म्युझियमने आणि जनरल मोटर्सने तीन गाड्या दुरुस्त करायचं ठरवलं. त्यांत १९६२ ची काळी कॉर्व्हेट होती आणि १९९२ साली बनलेली दहा लाखावी पांढरी कॉर्व्हेटही. ही पांढरी गाडी बांधताना कामगारांनी तिच्या भागांवर आपल्या सह्या केल्या होत्या. गाडी उघडल्यावर त्या सापडल्या, आणि नवा भाग बसवणं सोपं असूनही सह्यांचे जुने भाग वाचवण्याची धडपड झाली. उरलेल्या पाच गाड्या मात्र जशा वर काढल्या तशाच, फाटलेल्या अंगांनी, मांडून ठेवल्या. लोक त्या पाहायला आजही येतात. तिथे फायबरग्लास कसा तुटतो, आतले तंतू कसे दिसतात, रंगाचा थर केवढा पातळ असतो, हे उघड्या डोळ्यांनी कळतं. दुरुस्त झालेल्या गाडीत ते कधीच कळलं नसतं.

लहान तड्यांसाठीही हाच विवेक कामाचा आहे, आणि त्याला एक साधी युक्ती आहे. रेघेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि गाडी काही महिने नेहमीसारखी चालवायची. रेघ खुणेच्या पुढे गेली तर आत अजून काहीतरी ओढतंय, ते शोधून काढायलाच हवं. ती तिथेच थांबली असेल, तर कधीकाळी बसलेला धक्का तेवढा तिथे नोंदला गेलाय. तो पुसायचा की ठेवायचा, हे मग मालकाने निवांत ठरवावं.