शेफील्डचा वस्तरा : शिक्का आणि कारागीर

न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. तलवारीला बखरकार मिळाला, वस्तऱ्याला कोण मिळणार? परंतु युरोप-अमेरिकेत जुने वस्तरे आणि चाकू जमवणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांतले चांगले संग्राहक एखाद्या ताम्रपटाच्या अभ्यासकाइतक्याच बारकाईने आपली वस्तू वाचतात. वाचतात म्हणण्याचे कारण असे की वस्तऱ्यावर लिहिलेले असते. पाते जिथे संपते आणि मुठीच्या खिळ्याकडे वळते, त्या जाड भागाला आपण पात्याची मान म्हणू. या मानेवर शिक्का असतो.

इंग्लंडातील शेफील्ड हे या धंद्याचे काशीक्षेत्र. तेथील चाकूचा उल्लेख चौदाव्या शतकातला कवी चॉसर याने केलेला आहे, आणि तेथील सुरी-कात्री करणाऱ्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. कोणाचा शिक्का कोणता, याची नोंद हा संघ ठेवीत असे. जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीचा तारा आणि क्रूस हा शिक्का अठराव्या शतकातला. पुढे तो जगभर गेला.

शिक्क्यावरून काळ ठरवता येतो. 'जी. आर.' ही अक्षरे जॉर्ज राजांच्या, म्हणजे १८३० पर्यंतच्या अमदानीची, 'डब्ल्यू. आर.' चौथ्या विल्यमची, १८३० ते १८३७, 'व्ही. आर.' व्हिक्टोरियाची. अमेरिकेने १८९० साली जकातीचा कायदा करून आयात मालावर देशाचे नाव घालावयास लावले, तेव्हापासून 'इंग्लंड' हा शब्द पात्यांवर सर्रास दिसू लागला. तो नसला म्हणजे वस्तरा त्याआधीचाच, असे मात्र धरून चालू नये. घरच्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या मालावर तो घालण्याची सक्ती अमेरिकेच्या कायद्याने कशी होणार? अशा वेळी पात्याचा घाट पाहावा. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला खिळ्याच्या मागे शेपटी नसते, किंवा असली तर आखूड असते. ती पुढच्या शतकात लांबली. मग शिक्क्यावरचे नाव शेफील्डच्या व्यापारी सूचीत शोधावे. अशी पहिली सूची १७७४ ची आहे.

येथपर्यंत सारे सोपे वाटते. पण शिक्का हा विकणाऱ्याचा शब्द असतो, आणि विकणाऱ्याच्या शब्दावर इतिहासकाराने किती विसंबावे? पुष्कळ वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील', म्हणजे रुपेरी पोलाद, असे कोरलेले आढळते. या शब्दामागे एक फार मोठा माणूस उभा आहे. विजेच्या शोधांमुळे आपणा सर्वांना ठाऊक असलेला मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. १८१८ च्या सुमारास त्याने लंडनमधील शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट याच्याबरोबर पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहण्यास सुरुवात केली. चांदी मिसळून पाहिली तेव्हा असे दिसले की पाचशे भागांस एक भाग एवढीच चांदी पोलाद स्वीकारते. अधिक घातली तर थंड होताना ती थेंबाथेंबाने बाहेर येते. ही माहिती १८२० साली प्रसिद्ध झाली. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारला, आणि लवकरच फॅरडेनेही हे काम सोडले. शब्द तेवढा बाजारात राहिला. इंग्लंडमध्ये 'सिल्व्हर स्टील' या नावाने आज विकल्या जाणाऱ्या पोलादात चांदी औषधालाही नसते. तेव्हा जुन्या पात्यावर हे शब्द दिसले तर त्यांवरून एवढेच म्हणता येते की विकणाऱ्याला चांदीची जाहिरात करावीशी वाटत होती. फॅरडेने प्रत्यक्ष केलेले ७९ नमुने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका पेटीत पडून होते. त्यांची तपासणी शेफील्डच्याच सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी करून १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली.

पण फॅरडे आणि स्टोडार्ट या खटाटोपात पडले कशामुळे? येथे कथेचा धागा आपल्या दाराशी येतो. १७९४ च्या सुमारास मुंबईतील कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी एका हिंदी पोलादाच्या वड्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवल्या. तेच 'वूट्झ'. स्टोडार्टने त्याचा एक छोटा चाकू घडवून पाहिला आणि तो या पोलादावर लुब्धच झाला. युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा आपल्याला हिंदी पोलाद अधिक पसंत आहे, असे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रात छापले, आणि त्या पोलादाचे वस्तरे विकले. फॅरडेचे संशोधन सुरू झाले ते या वूट्झचे रहस्य उलगडण्याच्या इच्छेने.

आता गंमत पाहा. जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला. त्याच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईस तयार होते असे म्हटले आहे! मुंबईस ते केवळ जहाजावर चढले होते. वूट्झ हा शब्द कानडी 'उक्कु'चा अपभ्रंश असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. हे पोलाद होत असे ते म्हैसूर, सेलम, तेलंगण या भागांत. फ्रान्सिस बुकॅनन १८०० साली म्हैसूर राज्यातून फिरला, तेव्हा त्याने ते होताना पाहिले. मातीच्या लहान मुशीत लोखंडाचा तुकडा, तरवडाचे लाकूड आणि हिरवी पाने घालून मूस बंद करावयाची, आणि भात्याने तापवावयाची. ज्या तरवडाकडे आपण माळावरून जाताना ढुंकूनही पाहत नाही, तो लंडनच्या सरदारांच्या दाढीस असा उपयोगी पडला. मुशीपाशी बसलेल्या त्या माणसांची नावे पात्यांवर नाहीत.

शेफील्डच्या कारागिराची स्थिती तरी निराळी होती काय? एक ठोकणारा, दुसरा सहाणेवर घासणारा, तिसरा शिंगाची वा हस्तिदंताची मूठ बसवणारा, अशा तीन हातांतून वस्तरा उतरे, आणि शिक्का बसे तो पेढीचा. सहाणवाल्याचे हाल तर सर्वांत वाईट. चाकावर ओणवे बसून काम करताना दगडाची व पोलादाची धूळ छातीत जाई. कोरड्या सहाणेवर काम करणारा सरासरी जेमतेम पस्तीस वर्षे जगतो आणि ओल्या सहाणेवरचा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडतो, असे शेफील्डच्या डॉ. नाइट यांचे म्हणणे एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात दिले आहे. त्यातच एक विलक्षण निरीक्षण आहे. या कारागिरांत जे अट्टल मद्यपी ते अधिक जगत, कारण ते कामावर वरचेवर गैरहजर असत! शंभर वस्तरे मखमलीवर मांडणाऱ्या संग्राहकाला हे वाक्य ठाऊक असावे असे मला वाटते.

म्हणूनच केन हॉली या शेफील्डच्या हत्यारविक्याचे मला फार कौतुक वाटते. १९२७ ते २०१४ हा त्यांचा जीवनकाळ. बंद पडणाऱ्या कारखान्यांतून त्यांनी तयार मालाबरोबर अर्धवट घडलेल्या वस्तू, दरपत्रके आणि कारागिरांची स्वतःची अवजारेही उचलून आणली, आणि काम चालू असतानाचे कारागिरांचे चित्रपट घेतले. २०१० पासून त्यांचा संग्रह तेथील केलहॅम आयलंड संग्रहालयात मांडलेला आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांचा वस्तरा असेल तर त्याचा गंज तेलाच्या फडक्याने हलक्या हाताने पुसावा. चकाकी आणण्यासाठी तो शिकलगाराच्या चाकावर देऊ नये. शिक्का झिजून जातो. मूठ सेल्युलॉइडची असेल तर तो इतर पात्यांपासून दूर ठेवावा, कारण ती मूठ कुजू लागली म्हणजे तिच्या वाफेने शेजारची पातीही खाल्ली जातात. आणि तो कोणाच्या हातचा होता, कोणत्या गावी आणि कोणत्या साली घेतला, एवढे एका चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवावे.