फिरत्या चकतीपासून एसएसडीपर्यंत
१९५६ मध्ये आयबीएमच्या रॅमॅक संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क आली. तिच्या २४ इंची ५० चकत्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेटने ५ मेगाबाइटची सव्वापाच इंची डिस्क काढली आणि ही साठवण टेबलावरच्या संगणकात बसू लागली. मात्र चकती फिरवून माहिती वाचणारे-लिहिणारे हेड योग्य जागी नेण्यात वेळ जाई. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी विकसित केलेल्या नँड फ्लॅश मेमरीत हलणारा भागच नव्हता. १९९१ मध्ये २० मेगाबाइटची फ्लॅश एसएसडी (सॉलिड-स्टेट ड्राइव्ह) बाजारात आली. पुढे किमती उतरल्या आणि अडीच इंची एसएसडी घरगुती संगणकात हार्ड डिस्कची जागा घेऊ लागली. संगणकाची साठवणक्षमता वाढवताना जुन्या ड्राइव्हचा क्लोन (हुबेहूब प्रत) मोठ्या ड्राइव्हवर घेऊन पार्टिशन (ड्राइव्हचा विभाग) वाढवतात. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागत नाही.