बायोचार म्हणजे काय? आणि नाशिकच्या कोणत्या मातीत ते खरंच उपयोगी पडतं?

बायोचार म्हणजे मातीत मिसळण्यासाठी मुद्दाम केलेला कोळसा. व्याख्या एवढी साधी आहे. शेतातला काडीकचरा कमी हवेत भाजायचा आणि जो कोळसा तयार होईल तो चुलीत न घालता जमिनीत घालायचा. सध्या रील्समध्ये याला 'काळं सोनं' म्हणतात. (मागे गांडूळखतालाही हेच म्हणत होते. सोनं बदलत राहतं.)

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण आजोळ दिंडोरी तालुक्यातलं आणि मामाची द्राक्षबाग. त्यामुळे शेतीतलं काहीही नवीन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की मामेभाऊ 'दादा, हे घेऊ का?' म्हणून मला पाठवतो. बायोचारच्या पिशवीची लिंक आली तेव्हा नीट वाचायला बसलो. एक गोष्ट लगेच लक्षात आली: बायोचार चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या मातीत, हे आधी विचारायला हवं. आणि ते खत टाकण्याआधी विचारायला हवं, कारण एकदा मातीत मिसळलेला कोळसा परत काढता येत नाही. इथे अनडू बटण नाही.

राख आणि कोळसा यात फरक काय?

काडी उघड्यावर जाळली की तिच्यातला बहुतेक सगळा कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. खाली उरते ती राख, म्हणजे फक्त क्षार. तीच काडी ऑक्सिजन न मिळू देता ४०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवली तर आतला ओलावा आणि जळाऊ वायू बाहेर पडतात, पण कार्बनचा सांगाडा जागेवर राहतो. या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात. साध्या भट्टीत १०० किलो वाळलेल्या काड्यांतून अंदाजे २० ते २५ किलो कोळसा मिळतो.

हा सांगाडा जंतूंना सहज पचत नाही. शेणखतातला कार्बन आपल्या उन्हात काही वर्षांतच संपतो, चांगल्या कोळशातला मोठा भाग शेकडो वर्षं टिकतो. याचा पुरावा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आहे. तिथे मूळ जमीन निकस, पण जुन्या वस्त्यांच्या जागी 'तेरा प्रेता' नावाची काळीभोर सुपीक माती सापडते. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थच 'काळी माती'. चुलीतला कोळसा, हाडं, खरकटं असं कित्येक पिढ्या साठून ती बनली.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. आपल्याकडची काळी माती त्या अर्थाने काळी नाही. ती बेसॉल्ट खडकापासून झालेली चिकणमाती आहे. रंग काळा असला तरी तिच्यात सेंद्रिय कार्बन बऱ्याचदा कमीच निघतो.

काडीकचऱ्याचा कोळसा करणं महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टी विकसित केली आणि त्यासाठी संस्थेला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा कांडी करून चुलीत जाळण्यासाठी होता. भट्टीपर्यंतचा रस्ता तोच, शेवटचं वळण वेगळं.

मातीत जाऊन कोळसा करतो काय?

कोळसा स्वतः फारसं अन्न देत नाही. त्याच्या आत असंख्य बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवली जातात. पॉवर बँक समजा. पॉवर बँक वीज तयार करत नाही, साठवते. आणि रिकामी घेऊन प्रवासाला निघालात तर आधी तीच चार्जर अडवून बसते. भट्टीतून काढलेला कोरा कोळसा थेट शेतात टाकला तर तो आजूबाजूचा नत्र धरून बसतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडू शकतं. म्हणून तो आधी 'चार्ज' करायचा. बारीक करून शेणखताच्या ढिगात दहावा ते पाचवा हिस्सा मिसळायचा, ओल ठेवायची आणि दोन-तीन आठवडे मुरू द्यायचा. शेणाची स्लरी किंवा गोमूत्र असेल तर उत्तम.

दुसरा गुणधर्म जास्त महत्त्वाचा: बहुतेक बायोचार अल्कधर्मी असतं, सामू साधारण ८ ते १०. आम्ल मातीत ते चुन्यासारखं काम करतं.

आता नाशिकचा नकाशा उघडा

आपला जिल्हा म्हणजे एका नावाखाली दोन-तीन वेगळे प्रदेश. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा पश्चिमेचा पट्टा घाटमाथ्याचा. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढं पाणी उतारावरच्या तांबड्या मातीतून कॅल्शियम, पोटॅश धुऊन नेतं आणि माती आम्ल होते. भात-नागलीचा हा भाग बायोचारसाठी जिल्ह्यात सगळ्यात योग्य: आम्लता कमी होते आणि टाकलेलं खत पहिल्याच झडीत वाहून जात नाही.

इथल्या लोकांना भाजण्याची कल्पनाही परकी नाही. पावसाळ्यापूर्वी रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत यांचे थर देऊन वर माती पसरून 'राब' भाजतात. त्याने तण मरतं आणि राखेतून पोटॅश मिळतं. थोडा कोळसाही मागे राहतो, पण बराचसा कार्बन जळून जातो आणि त्यासाठी झाडं दरवर्षी ओरबाडली जातात. राब म्हणजे बायोचार नव्हे, पण दोघं शेजारी आहेत.

आता पूर्वेला या. निफाडच्या गोदाकाठची भारी काळी जमीन आधीच अल्कधर्मी, सामू ८ च्या आसपास, चुनखडीही असते. तिच्यात अजून अल्क ओतलं तर लोह आणि जस्त पिकाला मिळणं अवघड होतं. द्राक्षाची पानं पिवळी पडण्याचा त्रास बागायतदारांना ठाऊक आहेच. शिवाय चिकणमाती पाणी मुळातच धरून ठेवते, त्यामुळे तिथे कोळशाचा तो फायदाही कमी. अशा जमिनीत मी तरी बायोचारवर पैसे घालणार नाही.

सिन्नर, येवला, नांदगावकडची हलकी मुरमाड जमीन मधली म्हणावी लागेल. पाऊस कमी आणि पाणी लगेच खाली उतरतं, तेव्हा ओल धरणारी कोणतीही गोष्ट तिथे कामाची. पण सामू बघूनच. मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू, क्षारता आणि सेंद्रिय कार्बन हे तिन्ही आकडे असतात. घरच्या कपाटात पडलेली ती पत्रिका रील बघण्याआधी बघा.

जगभरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्के उत्पादनवाढ दिसली, समशीतोष्ण देशांत काहीच नाही. विक्रेते पहिलाच आकडा सांगतात. पण वाढ दिसली त्या जमिनी बहुतेक आम्ल आणि निकस होत्या. निफाडची काळी जमीन त्यातली नव्हे.

किती लागतं, याचं गणित

त्याच आढाव्यातल्या उष्ण कटिबंधातील प्रयोगांची मधली मात्रा हेक्टरी १५ टन होती. म्हणजे एकरी ६ टन, गुंठ्याला १५० किलो. ५० किलोची पिशवी घेतलीत तर या हिशेबाने गुंठ्याचा तिसरा हिस्सा झाला! स्वतः करायचं तरी एकरासाठी २४ ते ३० टन वाळलेल्या काड्या लागतील. म्हणून अख्ख्या शेतात पसरायचा नाद सोडा. भाताची रोपवाटिका, आंब्या-पेरूचे खड्डे, भाजीपाल्याचे वाफे अशी मुळांजवळची मोजकी जागा निवडा. आणि दोन-चार ओळी बिगर बायोचारच्या ठेवा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळायचं नाही. आमच्या धंद्यात याला ए-बी टेस्ट म्हणतात.

द्राक्षाच्या काड्या चालतील का?

आपल्याकडे बाग वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. ढीगभर काड्या निघतात आणि बऱ्याच ठिकाणी बांधावर पेटवल्या जातात. त्यापेक्षा कोळसा नक्कीच बरा. पण बागेवर बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त औषधं फवारलेली असतात. भट्टीत तांबं उडून जात नाही. १०० किलो काड्यांतलं तांबं २५ किलो कोळशात उतरतं, म्हणजे चौपट दाट होतं. तो कोळसा वर्षानुवर्षं त्याच बागेत घालण्याआधी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

माझं मत विचाराल तर काळ्या जमिनीतल्या बागेत काड्यांची कुट्टी करून आच्छादन करणं किंवा कंपोस्टमध्ये घालणं हेच सोपं. कोळशासाठी पऱ्हाटी, तुरीच्या काड्या, दाणे काढलेली मक्याची कणसं असं बघा. जे जनावर खातं ते भट्टीत नको, कडब्याला गोठ्यात जास्त किंमत आहे.

घरी करायचं तर

वर रुंद आणि तळाला निमुळता असा खड्डा किंवा पत्र्याची शंकूसारखी भट्टी पुरते. या आकाराची 'कॉन-टिकी' भट्टी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाली. युक्ती अशी, की वरची ज्वाळाच झाकणाचं काम करते. येणारा ऑक्सिजन ती खाऊन टाकते, त्यामुळे खालचा थर जळत नाही, भाजला जातो. काड्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या की धूरच धूर. एक थर पेटला आणि वर पांढरी राख दिसायला लागली की पुढचा थर टाकायचा. भट्टी भरली की भरपूर पाणी ओतून विझवायची. इथे कंजूषी नको. आत एक निखारा राहिला तरी रात्रीतून सगळ्याची राख होते, किंवा पोत्यात भरल्यावर आग लागते. कोरडी पूड नाकात जाऊ देऊ नका, ओली करूनच कुटा.

कार्बन क्रेडिट आणि तुमचा फोन

अचानक एवढी चर्चा का, तर पैसा. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून बायोचारची १ लाख टनांची कार्बन क्रेडिट्स २०३० पर्यंत घेण्याचा करार जाहीर केला. हिशेब असा: ७५ टक्के कार्बन असलेला १ टन कोळसा म्हणजे २.७५ टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर. त्यातून धुरातला मिथेन, वाहतूक, काळानुसार होणारी झीज वजा करतात.

मोजणी कशी करतात ते मला इंजिनिअर म्हणून जास्त रंजक वाटलं. लहान भट्ट्यांच्या प्रकल्पात अ‍ॅपवर कच्चा माल, पेटलेली भट्टी, विझवणं, तयार कोळशाचं माप आणि मातीत मिसळणं यांचे फोटो वेळ आणि जीपीएससकट चढवावे लागतात. शेवटचा फोटो नसेल तर क्रेडिट अडतं, कारण तोच कोळसा कुणी शेकोटीत घातला तर सगळा हिशेब शून्य.

एकट्या शेतकऱ्याला हे जमत नाही, प्रकल्प चालवणारी कंपनी लागते. गावात कुणी अ‍ॅप घेऊन आलं तर सही करण्याआधी विचारा: क्रेडिटची मालकी कुणाची, पैसे टनावर की क्रेडिट विकल्यावर, करार किती वर्षांचा, आणि कोळसा कुणाच्या शेतात जाणार. तुमच्याच शेतात जाणार असेल तर सामूचा आकडा त्यांना आधी दाखवा.