प्राण्याला शिकवतो कोण?

प्राणिसंग्रहालयातील प्रेक्षक संध्याकाळी निघून गेले की रक्षकाला रोज एक काम करावे लागते. वाघाला मोकळ्या अंगणातून आतल्या खोलीत घ्यायचे. खोलीत मांस ठेवायचे, मधले सरकते दार उघडायचे, वाघ आत आला की दार बंद करून अंगण झाडायचे. काम साधे आहे. पण समजा, एके दिवशी वाघ आत आल्याबरोबर पशुवैद्याने गजांमधून त्याला भुलीची सुई मारली. दुसऱ्या दिवशी वाघ दाराशी थबकतो. तिसऱ्या दिवशी समोर मांस असूनही येत नाही. उशीर होतो म्हणून वैतागलेला रक्षक पाण्याचा फवारा मारून त्याला आत हाकलतो.

या प्रसंगात वाघाला शिकवायला कोणीच बसले नव्हते. तरीही तो दोन गोष्टी शिकला : दारापलीकडे वेदना असते आणि रक्षकाचा भरवसा धरता येत नाही. माणसाच्या ताब्यात असलेल्या प्राण्याची शिकवणी दिवसभर चालूच असते. प्रश्न एवढाच उरतो की, त्याने काय शिकावे हे कोणी ठरवायचे आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यायची? प्राणिसंग्रहालयांना या प्रश्नाचे उत्तर सापडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या वाटचालीची ही हकीकत.

सळई आणि मांसाचा तुकडा

एकोणिसाव्या शतकातील प्राणिसंग्रहालयात रक्षकाने प्राण्याला खाऊ घालावे, पिंजरा झाडावा आणि कुलूप लावावे एवढीच अपेक्षा असे. शिकवणे हे सर्कशीचे काम होते. तेथे हिंस्र पशूंना चाबूक आणि तापवलेली सळई यांच्या धाकात ठेवण्याची पद्धत रूढ होती.

तिला ठळकपणे विरोध केला तो हांबुर्गच्या कार्ल हागेनबेक (१८४४–१९१३) या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने. प्रत्येक प्राण्याचा स्वभाव वेगळा असतो, तो ओळखून शिकण्याजोगे प्राणी निवडावेत आणि त्यांना मांसाच्या तुकड्याने व शाबासकीने शिकवावे, असे त्याचे म्हणणे होते. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपल्या शिकवलेल्या प्राण्यांचे खेळ दाखवले. १९०७ मध्ये हांबुर्गजवळ स्टेलिंगेन येथे त्याने नवे प्राणिसंग्रहालय उघडले. तेथे गजांऐवजी खंदक होते. त्यासाठी कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो, हे त्याने आधी तपासून पाहिले होते.

हागेनबेकला संत मानण्याचे मात्र कारण नाही. त्या काळच्या व्यापारात पिल्ले पकडण्यासाठी त्यांच्या आईबापांना ठार मारले जाई. १८७० च्या दशकापासून त्याने दूरदेशीच्या माणसांचीही प्रदर्शने भरवली. त्याच्या शिकवण्यात दुसरीही एक उणीव होती. ती एका हुशार माणसाची हातोटी होती. ती का चालते, हे नियमांच्या रूपात मांडलेले नव्हते. त्यामुळे तो माणूस गेला की त्याच्याबरोबर कलाही जाण्याची भीती होती.

अंतराचे गणित

हे 'का' शोधणाऱ्यांमध्ये स्वित्झर्लंडच्या हायनी हेडिगर (१९०८–१९९२) यांचे नाव पुढे येते. बर्न, बाझेल आणि झुरिच येथील प्राणिसंग्रहालयांचे ते एकामागून एक संचालक होते. बंदिवासातील वन्य प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला.

हेडिगर यांनी दाखवून दिले की, प्राण्याभोवती अदृश्य रेषा असतात. शत्रू ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. हे पलायन-अंतर. पळायला जागा नसेल आणि शत्रू आणखी जवळ आला, तर तो उलटून चाल करतो. हे निर्णायक अंतर. सर्कशीतल्या रिंगमास्टरचे कसब यातच आहे. तो सिंहाच्या निर्णायक अंतरात पाऊल टाकतो, सिंह चालून येतो. वाटेत स्टूल असते, म्हणून सिंह त्यावर चढतो. तेवढ्यात रिंगमास्टर पाऊल मागे घेतो आणि सिंह स्टुलावरच थांबतो. प्रेक्षकांना वाटते, सिंहाने हुकूम मानला!

हेडिगर यांचे दुसरे म्हणणे रक्षकाच्या कामाला थेट भिडणारे होते. रानात प्राण्याचा दिवस अन्न शोधण्यात, हद्द राखण्यात आणि जीव वाचवण्यात जातो. पिंजऱ्यात हे सारे उद्योग संपतात. म्हणून त्याला उद्योग पुरवणे हे संग्रहालयाचे कर्तव्य आहे, आणि योग्य रीतीने दिलेले शिक्षण हा असाच एक उद्योग आहे, असे त्यांनी मांडले.

प्रयोगशाळेतून माशांच्या बादलीकडे

इकडे अमेरिकेत शिकण्याची क्रियाच प्रयोगशाळेत तपासली जात होती. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये कोड्याच्या पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बी. एफ. स्किनर यांचा 'सजीवांचे वर्तन' या विषयावरचा ग्रंथ १९३८ चा. ज्या कृतीनंतर लगेच काही हवेसे मिळते ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हे या विचाराचे सूत्र. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण त्याला साधक अभिसंधान म्हणतो.

दुसऱ्या महायुद्धात स्किनर यांनी क्षेपणास्त्राला दिशा दाखवण्यासाठी कबुतरांना शिकवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या कामात केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे विद्यार्थी दांपत्यही होते. प्रयोगशाळेचे हे ज्ञान बाहेर चालेल अशी खात्री पटून दोघांनी १९४७ मध्ये प्राणी शिकवण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्यांनी कोंबड्या, डुकरे, रॅकून अशा कितीतरी प्राण्यांना शिकवले.

अशा कामातली मोठी अडचण वेळेची असते. पाण्यातला डॉल्फिन पंधरा मीटर दूर उंच उडी घेतो. मासा त्याच्या तोंडात पडेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढ्यात त्याने आणखी तीन गोष्टी केलेल्या असतात. बक्षीस कशाचे, हे त्याला कळणार कसे? उपाय सोपा निघाला. आधी शिट्टीनंतर मासा मिळतो एवढेच शिकवायचे. मग उडीच्या नेमक्या क्षणी शिट्टी वाजवायची. शिट्टी ही कृती आणि बक्षीस यांच्यामधला पूल होते.

ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये आपले अपयशही प्रांजळपणे लिहून ठेवले. पेटीत नाणी टाकायला शिकवलेला रॅकून ती टाकायची सोडून एकमेकांवर घासत बसे. डुक्कर लाकडी नाणे मुसंडीने उकरत राही. उपजत सवयींपुढे बक्षीस हरते, असा त्याचा अर्थ होता. तेव्हा शिकवणाऱ्याला सूत्र ठाऊक असून भागत नाही, त्या जातीच्या प्राण्याचे रानातले जीवनही माहीत असावे लागते.

१९६३ मध्ये हवाईमधील सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर यांनी डॉल्फिन शिकवण्याची जबाबदारी घेतली. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही आणि चाबूक मारता येत नाही. रागावलात, तर तो पोहत दूर निघून जातो. शिक्षेचा मार्गच बंद असल्याने शिकवणाऱ्याला स्वतःची पद्धत सुधारण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रायर यांनी ही पद्धत पुढे पुस्तकांतून सर्वांसाठी मांडली. हागेनबेकच्या काळी जी हातोटी होती, ती आता नव्या माणसाला शिकवता येईल असे शास्त्र झाली.

दवाखान्याचे दार

तरीही हे सारे खेळ दाखवण्यासाठीच होते. १९७० नंतर पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ यांनी गिबन माकडांना निराळी सोय करून दिली. दिवा लागला की एक दांडी ओढायची, मग झोके घेत दुसऱ्या टोकाला जाऊन दुसरी दांडी ओढायची, की खाऊ मिळे. ज्याला झोके घ्यायचे त्याने घ्यावेत. हेडिगर यांनी सांगितलेला 'उद्योग' तो हाच.

पुढचे पाऊल पशुवैद्यकाकडे वळले. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात ड्रिल जातीच्या एका आफ्रिकी माकडाला मधुमेह झाला. त्याला नेहमी इन्सुलिन हवे होते. मोठा नर ड्रिल सुळेवाला आणि ताकदवान असतो. दर वेळी त्याला पकडायचे किंवा भूल द्यायची म्हटले, तर उपचारच जीवघेणा ठरावा. शिवाय घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात ॲड्रिनॅलिनमुळे साखर वाढते, म्हणजे धरपकड करून घेतलेला नमुना खरे सांगतच नाही. गॅरी प्रिस्ट यांनी या माकडाला स्वतःहून सुई टोचून घ्यायला आणि रक्त काढू द्यायला शिकवले. त्याचा वृत्तान्त १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा शिक्षणाचे टप्पे साधारण असे असतात : प्राण्याने गजांजवळ येणे, ठरल्या जागी हात किंवा खांदा टेकणे, बोटाचा, मग काडीचा स्पर्श सहन करणे, सुई नसलेली सिरिंज, आणि शेवटी खरी सुई. प्रत्येक टप्प्याला बक्षीस, आणि नको वाटले तर निघून जाण्याची मोकळीक. ही मोकळीक फार मोलाची आहे. प्राणी निघून गेला, म्हणजे आपण पायरी फार उंच ठेवली, हे रक्षकाला तेव्हाच कळते.

हत्ती आणि अंकुश

सर्वांत कठीण परीक्षा हत्तीची होती. हत्तीच्या शेजारी उभे राहून त्याच्यावर हुकमत ठेवण्याची आपल्या माहुतांची परंपरा प्राचीन आहे. पाश्चात्त्य सर्कशी आणि प्राणिसंग्रहालयांत आशियाई हत्ती गेले, तसा अंकुशही गेला. ही पद्धत टिकते ती माणूस वरचढ आहे या हत्तीच्या समजुतीवर. तो समज ढळला की एकाचा जीव जातो, आणि ढळू नये म्हणून दुसऱ्याला मार बसतो. सॅन दिएगोच्या वन्यप्राणी उद्यानात १९८८ मध्ये डुंडा नावाच्या हत्तिणीला साखळ्यांनी बांधून कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारल्याचे उघड झाले आणि मोठा गहजब उडाला. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातच ओकलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तीने एका रक्षकाचा बळी घेतला.

टिम डेस्मंड आणि गेल लॉल हे दोघे सागरी प्राणी शिकवण्याच्या परंपरेतले. त्यांनी हत्तींसाठी 'संरक्षित संपर्का'ची पद्धत मांडली. माणूस मजबूत गजांच्या अलीकडे, हत्ती पलीकडे. टोकाला चेंडू बसवलेली काठी दाखवायची. हत्तीने कपाळ, कान किंवा पाय तिला लावला की शिट्टी आणि खाऊ. जुन्या रक्षकांना हे पटले नाही. जवळ उभे राहिल्याशिवाय हत्तीची नखे आणि तळवे कसे साफ करणार, हा त्यांचा सवाल रास्त होता, कारण बंदिवासातले हत्ती पायांच्या रोगांनी बेजार होतात. उत्तर असे मिळाले की, हत्ती गजांमधल्या झरोक्यातून पाय स्वतः बाहेर काढून ठेवायला शिकतो. ओकलंडने ही पद्धत १९९१ मध्येच स्वीकारली. पुढे अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये धोरण ठरवून २०१४ पर्यंत आपल्या सदस्य-संस्थांना हत्ती व रक्षक यांना अडसराविना एकत्र न ठेवण्याचे बंधन घातले.

कामाच्या वहीत

यानंतर शिकवणे हा रक्षकाच्या नोकरीचा अधिकृत भाग झाला. कामाची वाटणी साधारणपणे अशी : कोणते वर्तन हवे ते पशुवैद्य, अभिरक्षक आणि रक्षक मिळून ठरवतात. एक वर्तन सुरुवातीला एकाच रक्षकाने शिकवायचे, म्हणजे खुणांचा गोंधळ होत नाही. पक्के झाले की दुसऱ्याने तीच खूण वापरायची. रक्षकाच्या रजेमुळे प्राण्याची इन्सुलिन चुकता कामा नये. फ्लोरिडात १९९८ मध्ये उघडलेल्या डिस्नेच्या प्राणी-उद्यानाने यासाठी सहा पायऱ्या रूढ केल्या : उद्दिष्ट, योजना, अंमल, नोंद, मूल्यमापन आणि फेरबदल. पूर्वीच्या वहीत 'आज वाघ ऐकत नव्हता' अशी नोंद चाले. आता 'दाराशी दोन मिनिटे थांबला, कालच्या सुईमुळे असावे. उद्या सुईशिवाय पाच वेळा आत-बाहेर' असे लिहावे लागते. पहिल्या नोंदीत दोष वाघाचा आहे, दुसरीत काम रक्षकाचे आहे.

या शास्त्राला मर्यादाही आहेत. अपुरी जागा, एकटेपणा किंवा निकृष्ट आहार यांची भरपाई कुठल्याही शिक्षणाने होत नाही. आणि भुकेल्या प्राण्याला खाऊसाठी काम करायला लावणे ही बक्षिसाच्या वेषातली शिक्षाच होय.

आपल्याकडे १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला मनाई झाली. हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवू नयेत, असा निर्णय प्राधिकरणाने २००९ मध्ये घेतला. हे सारे योग्यच झाले. मात्र त्यामुळे 'प्राण्याला शिकवणे' म्हणजे सर्कस, असा समज पक्का होऊ नये. सायकल चालवणारे अस्वल आणि रक्त तपासायला पंजा पुढे करणारे अस्वल, दोघेही शिकवलेले असतात. शिकवणीचा लाभ कोणाला होतो, हे पाहून त्यांतला फरक ओळखायचा.

मुलांना घेऊन राणीच्या बागेत किंवा कात्रजला गेलात, तर फक्त प्राणी पाहून परतू नका. संध्याकाळी रक्षक आला की प्राणी काय करतो, ते पाहायला सांगा. तो गजांजवळ येतो की कोपऱ्यात सरकतो? सरकत्या दारातून सहज जातो की थबकतो? त्या पिंजऱ्यात आजवर काय शिकवले गेले, हे प्राण्याच्या पावलांवरून मुलांना वाचता येईल.