फ्लॉपी उघडली, पण मराठी उघडेना

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगड जहागिरीचं ठाणं गडावरून खाली मलकापुरात आलं. त्या काळचे मोडी कागद आजही मोडी शिकलेला माणूस वाचू शकतो. आता दुसरं टोक बघा. मलकापूरच्याच आमच्या आजोबांनी १९९६ साली गावच्या आठवणी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. छापायचं राहून गेलं, हस्तलिखित वाळवीनं खाल्लं, उरल्या तीन फ्लॉप्या. त्या कुणालाच वाचता येईनात!

मंडळी, फ्लॉपी ही खरी अडचण नव्हतीच. साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये आरामात जाते. आधी कोपऱ्यातली राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी करायची. मग एकेक फाइल न उघडता अख्ख्या फ्लॉपीची इमेज काढायची. दोन पूर्ण निघाल्या. तिसरीचे काही सेक्टर गेले ते गेलेच.

खरी गंमत पुढे. पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा! कारण तेव्हाचे डीटीपीचे मराठी फॉन्ट अक्षरं नाही, आकार साठवायचे. इंग्रजी अक्षरांच्या जागी कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे अर्धा स. श्री-लिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी. फॉन्ट हरवला की मजकूर मुका.

तसं मानक होतं बरं का. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं आणि १९९१ मध्ये इस्की, म्हणजे आयएस १३१९४, आलं. त्यात ‘क’ म्हणजे ‘क’च, फॉन्ट कुठलाही असो. पण डीटीपीवाल्याला हवा होता सुबक छापील कागद. तीस वर्षांनी फाइल कोण उघडणार, हा विचार कोण करतो?

सुदैवानं पहिल्या चार पानांचा प्रिंटआउट सापडला. आमचा रोझेटा दगडच तो! कागद आणि कचरा शेजारी ठेवून कुठल्या खुणेचा कुठला आकार, याचा तक्ता केला. मग पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम. ‘कि’ची वेलांटी फाइलमध्ये क च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. दोन शनिवार त्यातच गेले. शेवटी बासष्ट पानं हाती लागली. शेवटचं प्रकरण मात्र तिसऱ्या फ्लॉपीबरोबर गेलं.

असो. तुमच्या माळ्यावर फ्लॉप्या असतील तर लवकर काढा. सोबत जुन्या कॉम्प्युटरमधला फॉन्टही जपा. तोही नसेल, तर त्याच फाइलचा एखादा छापील कागद शोधा. काम होतं.