स्वॅम्प ड्रॅगन : आग ओकण्याआधी स्वतःच फुटू शकणारा दलदलीतला ड्रॅगन

ड्रॅगन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोंगराएवढं शरीर, आभाळ झाकणारे पंख, गुहेत सोन्याचा ढीग आणि एका फुंकरीत जळून खाक होणारं गाव. सिनेमांनी आणि वेबसिरीजनी हेच चित्र आपल्या डोक्यात पक्कं केलंय.

पण फँटसीच्या जगात एक असाही ड्रॅगन आहे, जो फार तर पाळीव कुत्र्याएवढा असतो. त्याचे पंख शरीराच्या मानाने इतके तोकडे की उडताना त्याची फजिती होते. त्याचं पोट कायम बिघडलेलं असतं. आणि तो घाबरला, चिडला, आजारी पडला किंवा जास्तच खूश झाला, तर त्याचा स्फोट होऊ शकतो.

या प्राण्याचं नाव स्वॅम्प ड्रॅगन, म्हणजे दलदलीतला ड्रॅगन. ब्रिटिश लेखक टेरी प्रॅचेट यांनी तो जन्माला घातला. वाचताना हसू येतं, पण या प्राण्याच्या आडून प्रॅचेट यांनी माणसांबद्दल जे सांगितलंय ते चांगलंच बोचरं आहे.

(पुढे 'गार्ड्स! गार्ड्स!' या कादंबरीचा शेवट सांगितला आहे. कादंबरी वाचायची असेल तर तो भाग सोडून द्या.)

हा ड्रॅगन राहतो कुठे?

प्रॅचेट यांचा जन्म १९४८ चा आणि मृत्यू २०१५ चा. त्यांनी 'डिस्कवर्ल्ड' नावाचं एक काल्पनिक जग उभं केलं. या मालिकेतली पहिली कादंबरी १९८३ साली आली आणि एकूण ४१ कादंबऱ्या झाल्या.

डिस्कवर्ल्ड हे ताटलीसारखं सपाट जग आहे. ही ताटली चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे. कासव अवकाशातून पोहत चाललंय. कूर्मावतार आणि पृथ्वी पेलणारे दिग्गज माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे चित्र अगदीच परकं वाटणार नाही.

या जगातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गलिच्छ शहर म्हणजे आंख-मॉरपॉर्क. १९८९ साली आलेल्या 'गार्ड्स! गार्ड्स!' या कादंबरीत याच शहरात स्वॅम्प ड्रॅगन वाचकांना नीट भेटतात. दलदलीत नाही, तर चक्क एका श्रीमंत बाईंच्या वाड्यात!

दोन ड्रॅगन, दोन जाती

या कादंबरीत ड्रॅगनच्या दोन जाती आहेत, आणि दोघांना शास्त्रीय वाटावीत अशी लॅटिन नावं दिली आहेत.

पहिली जात 'ड्रॅको नोबिलिस', म्हणजे उमदा किंवा खानदानी ड्रॅगन. हा आपल्या ओळखीचा ड्रॅगन. अवाढव्य, हुशार, क्रूर. पण एवढं धूड हवेत उडणार कसं? प्रॅचेट यांचं उत्तर सरळ आहे : जादूने. हे ड्रॅगन जगातून कधीच नाहीसे झालेत आणि कुठल्याशा दुसऱ्या मितीत पडून आहेत. कुणीतरी जादूने बोलावल्याशिवाय ते येत नाहीत.

दुसरी जात 'ड्रॅको व्हल्गारिस', म्हणजे सामान्य ड्रॅगन. हाच आपला स्वॅम्प ड्रॅगन. याच्या मदतीला जादू नाही. जे काही करायचं ते हाडामांसाच्या शरीराच्या आणि पोटातल्या रसायनांच्या जोरावर.

सगळी गंमत इथेच आहे. जादू बाजूला ठेवली आणि एखाद्या प्राण्याला खरोखर आग ओकायची असेल, तर त्याच्या पोटात काय काय चालू असेल? प्रॅचेट यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. स्वॅम्प ड्रॅगन हे त्याचं उत्तर.

पोट की केमिकल फॅक्टरी?

आग हवी तर जळणारा वायू हवा. तो पोटात तयार करायचा तर पचनसंस्था म्हणजे रसायनांचा कारखानाच हवा. म्हणून स्वॅम्प ड्रॅगन कोळशासकट हाती लागेल ते खातो. समोर जे अन्न आलं त्यातून वायू मिळवण्यासाठी तो आतड्यांची मांडणीसुद्धा बदलू शकतो.

पण एवढ्या धोकादायक रसायनांच्या कारखान्यात जरा काही बिनसलं की अपघात ठरलेला. त्यामुळे हा प्राणी कायम कुठल्या ना कुठल्या दुखण्याने बेजार असतो, आणि बऱ्याच दुखण्यांचा शेवट स्फोटात होतो.

हे सगळं कल्पनेतलं असलं, तरी दलदल आणि आग यांचं नातं खरं आहे. दलदलीच्या तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे, सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली मॅजोरे तलावाकाठच्या चिखलातून वर येणारे बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेटतो हे दाखवून दिलं. विजेचा 'व्होल्ट' ज्यांच्या नावावरून आला, तेच हे व्होल्टा.

दलदलीवर रात्री दिसणाऱ्या उजेडाच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात. आपल्याकडे अशा हलत्या उजेडाला आग्या वेताळ म्हणत. असा उजेड या वायूंमुळे दिसत असावा, असं मानलं जातं.

पोटात मिथेन तयार होणंही काही नवलाचं नाही. गायीम्हशींच्या पोटात तो रोज तयार होतो आणि मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. हवेत मिथेनचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असलं की ठिणगी पडताच स्फोट होऊ शकतो. गायीच्या पोटात ऑक्सिजनही नसतो आणि ठिणगीही नसते, म्हणून ती सुखरूप आहे. आग ओकणाऱ्या प्राण्याला मात्र ठिणगी बाळगावीच लागेल. मग स्फोट होणं अटळच.

निसर्गात याच्या जवळ जाणारा एक खरा जीव आहे, बॉम्बार्डियर बीटल नावाचा भुंगेरा. तो शरीरातली रसायनं एकत्र आणतो आणि जवळपास १०० अंश सेल्सियसचा फवारा शत्रूवर मारतो. स्वतः भाजू नये म्हणून रसायनं साठवण्याचा आणि ती भडकवण्याचा, असे दोन वेगळे कप्पे त्याच्या शरीरात असतात. हा फवारा तोंडातून येत नाही, तर मागून येतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग हे ड्रॅगन पाळतं कोण?

लेडी सिबिल रॅमकिन. शहरातली सगळ्यात श्रीमंत बाई, जुन्या खानदानातली, उंच, धिप्पाड आणि मनाने अतिशय प्रेमळ. त्या स्वॅम्प ड्रॅगनची पैदास करतात, त्यांची प्रदर्शनं भरवतात आणि आजारी व टाकून दिलेल्या ड्रॅगनसाठी आश्रमही चालवतात. हे काम करताना केस जळतात, म्हणून त्या विग घालतात.

इंग्लंडमधल्या वाचकाला हे चित्र लगेच ओळखू आलं असणार. तिथे कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारा केनेल क्लब १८७३ सालापासून आहे आणि 'क्रफ्ट्स' हे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन १८९१ सालापासून भरतं. प्रॅचेट यांच्या जगात केनेल क्लबऐवजी 'कॅव्हर्न क्लब' आहे, म्हणजे गुहा क्लब! ड्रॅगनची लांबलचक खानदानी नावं, कान कसे हवेत आणि शेपटी कशी हवी याचे नियम, सगळं तिथे आहे.

विनोद इथेच बोचरा होतो. माणसांनी हौसेपोटी पिढ्यान्पिढ्या ठरावीक रूपाचे प्राणी जुळवले की दिसायला छान, पण जगायला कठीण असे प्राणी तयार होतात. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग हे त्याचं खरं उदाहरण. त्यातल्या अनेकांना नीट श्वास घेता येत नाही. २००८ साली बीबीसीवर 'पेडिग्री डॉग्ज एक्सपोज्ड' ही डॉक्युमेंटरी आली, मोठा गदारोळ झाला आणि बीबीसीने पुढच्या वर्षीपासून क्रफ्ट्सचं प्रक्षेपण थांबवलं. प्रॅचेट यांची कादंबरी त्याआधी १९ वर्षांची आहे.

दुसरा मुद्दा टाकून दिलेल्या प्राण्यांचा. पिल्लू असताना गोड वाटतं म्हणून लोक ड्रॅगन घरी आणतात. एक दिवस पडदे जळतात आणि मग त्याची रवानगी रस्त्यावर होते. आपल्याकडेही हे नवीन नाही. मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतला पग बघून घरोघरी पग आले. मूळची उत्तर अमेरिकेतली, लाल कानपट्ट्यांची छोटी कासवं हौसेने विकत घेतली जातात आणि मोठी झाली की जवळच्या तळ्यात सोडली जातात. तिथे ती स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतात.

एरल नावाचं ध्यान

लेडी सिबिल यांच्या ड्रॅगनमध्ये एक नमुना आहे, एरल. भलत्याच आकाराचं शरीर, खुरटे पंख, मोठ्या नाकपुड्या. त्याला धड आगही ओकता येत नाही. प्रदर्शनाच्या कामाचा नाही म्हणून तो शहराच्या रात्रपहाऱ्याच्या चौकीत येऊन पडतो. चौकीचा कॅप्टन सॅम व्हाइम्स दारूत बुडालेला आहे आणि त्याच्या पथकाला शहरात कुणी विचारत नाही. थोडक्यात, टाकाऊ पथकाला टाकाऊ ड्रॅगन.

त्याच वेळी शहरात एक गुप्त मंडळ चोरलेल्या जादूच्या पुस्तकातून खानदानी ड्रॅगनला बोलावतं. बेत असा की ड्रॅगनने शहराला घाबरवायचं, मग आपल्याच माणसाने त्याला मारल्याचं नाटक करायचं आणि त्या माणसाला राजा करायचं. बेत फसतो. ड्रॅगन स्वतःच परत येतो आणि शहराचा राजा होऊन बसतो.

आणि लोक? लोक जुळवून घेतात. शहरातली प्रतिष्ठित मंडळी नव्या राजाची बाजू समजून घेऊ लागतात. ड्रॅगनला सोनं हवंय, देऊ. खायला कुमारिका हवीय? तीही बघू, आपल्या घरातली नसली म्हणजे झालं. पहिला नंबर लागतो लेडी सिबिल यांचा.

इथे एरल कामाला येतो. तो बरेच दिवस जे मिळेल ते खात असतो आणि आतल्या आत स्वतःची मांडणी बदलत असतो. शेवटी आग निघते, पण तोंडातून नाही, मागून! न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की प्रत्येक क्रियेला तितकीच उलट प्रतिक्रिया असते. आग मागे, ड्रॅगन पुढे. एरल म्हणजे चालतंबोलतं जेट इंजिन होतो. तो आवाजापेक्षाही वेगाने जातो. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. त्याच्या धमाक्याच्या तडाख्याने आभाळातला राजा जमिनीवर कोसळतो.

त्यानंतर पुस्तकातला सगळ्यात चांगला प्रसंग येतो. काल मुजरे करणारी गर्दी आज पडलेल्या ड्रॅगनला मारायला धावते. व्हाइम्सचं पथक मात्र म्हणतं, रीतसर अटक करा. आणि एरल त्या ड्रॅगनला वाचवायला मध्ये उभा राहतो. तेव्हा कळतं की 'राजा' मुळात मादी आहे. दोघं मिळून उडून जातात, जगाच्या कडेपलीकडे.

पुढे या ड्रॅगनचं काय झालं?

स्वॅम्प ड्रॅगन पुढच्या पुस्तकांतही येत राहिले. 'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३) मध्ये चबी नावाच्या ड्रॅगनला आरसा दाखवला जातो, तो समोर दुसरा ड्रॅगन आहे असं समजून भडकतो आणि फुटतो. एका चोरीसाठी कुणीतरी त्याला बॉम्ब म्हणून वापरलेलं असतं. लेडी सिबिल यांच्याशिवाय त्याचं दुःख फारसं कुणाला होत नाही.

'द लास्ट हीरो' (२००१) या पॉल किड्बी यांच्या चित्रांनी सजलेल्या पुस्तकात स्वॅम्प ड्रॅगनच्या आगीवर चालणारं अवकाशयान आहे. त्यातले प्रवासी चंद्रावर उतरतात, तेव्हा तिथे त्यांना चंदेरी ड्रॅगन दिसतात. तेही मागून आग सोडून उडणारे. म्हणजे एरल बिघडलेला नव्हताच. त्याला मापायची पट्टी चुकीची होती.

यातून हाती काय लागतं?

फँटसीत दलदलीतले ड्रॅगन इतरही आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातले काळे ड्रॅगन दलदलीत राहतात आणि आम्ल फवारतात. ते भीती घालण्यासाठी आहेत. स्वॅम्प ड्रॅगनची कुणाला भीती वाटत नाही, आणि त्याची अडचणही तीच आहे.

जो ड्रॅगन शहर जाळतो, त्याच्यापुढे आंख-मॉरपॉर्कचे लोक मान तुकवतात. जो आजारी, ओंगळ आणि गरजू आहे, त्याला तेच लोक रस्त्यावर सोडतात. लेडी सिबिल नेमकं उलट करतात. त्या राजा झालेल्या ड्रॅगनपुढे वाकत नाहीत आणि फुटायला आलेल्या ड्रॅगनला मांडीवर घेऊन औषध देतात. प्रॅचेट यांनी मोठेपणाची व्याख्या न सांगता या एका बाईच्या विस्कटलेल्या विगमधून दाखवून दिली आहे.

पुढच्या वेळी एखादं चपट्या नाकाचं पिल्लू रीलमध्ये गोड घोरताना दिसलं, तर एवढंच लक्षात ठेवा : ते घोरणं बऱ्याचदा गोड नसतं, त्याला श्वास पुरत नसतो.