बोअर त्याच्या शेतात, हप्ता हिच्या नावावर



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातली सभासद दोन लेकरं घेऊन माहेरी परतली. तिनं गटातून चाळीस हजारांचं कर्ज उचललं होतं आणि त्या पैशातून सासरच्या शेतात बोअर घेतला होता. शेत सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, आणि हप्ता हिच्या नावावर. घटस्फोटाचा अर्ज पडला तेव्हा तिनं विचारलं, "ताई, त्या बोअरमध्ये माझं काहीच नाही का?" आम्ही गप्पच झालो. वकीलबाईंनी सांगितलं, की पोटगी मागता येते, स्त्रीधन परत मागता येतं. पण संसारात दोघांनी मिळून उभं केलेल्यात बायकोचा ठरलेला वाटा, असा कायदा आपल्याकडे नाही.

का नाही, ते समजून घ्यायला आम्ही थोडं मागे गेलो.

आपल्या कितीतरी जातींत काडीमोड कायद्याच्या आधीपासून होती. पंचांसमोर काडी मोडली की नातं तुटलं, बाई पुन्हा पाट लावायला मोकळी. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तेवढीही सोय नव्हती. पण मोकळी झालेली बाई बहुधा अंगावरच्या लुगड्यानिशीच निघायची. मुंबई प्रांतानं 1947 साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, 1955 साली हिंदू विवाह कायदा देशभर आला. नातं कशामुळे तुटू शकतं, ते त्यात सविस्तर लिहिलं. पोटगी लिहिली. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचं काय करायचं, तेही लिहिलं. पण लग्नानंतरच्या वीस वर्षांत तिनं उपसलेलं शेण, काढलेली खुरपणी, भरलेले हप्ते यांचा हिशेब कुठल्याच कलमात आला नाही. 1956 च्या वारसा कायद्यानं एक मोठी गोष्ट मात्र केली: हिंदू बाईच्या मालकीचं जे असेल, त्याची ती पूर्ण धनीण. अडचण एवढीच, की आधी ते तिच्या मालकीचं व्हायला हवं.

आता शेजारी गोव्यात बघा. सावंतवाडी, दोडामार्गाकडच्या लेकी पेडण्याला, डिचोलीला दिलेल्या असतात. तिथे पोर्तुगीजांचा 1867 चा नागरी कायदा 1870 पासून लागू झाला. 1961 साली गोवा मुक्त झाला तरी तो कायदा टिकला. लग्नाआधी दोघांनी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात. घर-जमीन विकायची तर दोघांची सही लागते, आणि घटस्फोट झाला तर अर्धा वाटा बायकोचा. पोर्तुगीजांना बायकांचा फार पुळका होता असं नाही. व्यवहार बघण्याचा अधिकार त्यांनी नवऱ्याकडेच ठेवला होता. तरी अर्धं ते अर्धं. ओढ्याच्या अलीकडे एक बहीण, पलीकडे दुसरी, आणि दोघींचा हिशेब वेगळा.

महाराष्ट्रात कायदा थांबला तिथे बायकांनी दुसरी वाट काढली. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखांच्या संख्येनं बायका आल्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्यानं आपणहून काही जमीन बायकोच्या नावावर करायची. शंभर घरांनी केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यातलंच. 1992 साली सरकारनं परिपत्रक काढून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट दिली. 2003 साली ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत दोघांची नावं लावण्याचा निर्णय आला. तलाठ्याकडे हे विचारलं की "कशाला वाद घरात?" असं ऐकायला मिळतं, ते वेगळं.

दिल्लीतही एकदा प्रयत्न झाला. घटस्फोटात नवऱ्याच्या मालमत्तेतून बायकोला वाटा देणारं विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं. लोकसभेत ते मंजूर व्हायच्या आत तिची मुदत संपली, आणि 2014 साली ते बारगळलं.

आता लेकरांचं. आमच्या सभासदेचा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. सासरच्यांचं म्हणणं, "मुलगा आमचा, मुलगी तू ने." ही जुन्या पंचांची भाषा झाली. 1956 चा हिंदू पालकत्व कायदा पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे ठेवतो, मग ते मुलगा असो की मुलगी. मुस्लिम भगिनींच्या कायद्यात वयं वेगळी आहेत. पाचाच्या पुढे मूल आपोआप बापाचं होतं असं मात्र नाही; कोर्टानं लेकराचं भलं बघायचं, असं कायदाच सांगतो. तरी पालक म्हणून आधी बाप, त्याच्या 'नंतर' आई, असं त्यात लिहिलेलं. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला पालक म्हणून सही केली, ती चालेना. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. 1999 साली कोर्टानं सांगितलं, की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे. तो बघत नसेल तर आईच पालक.

"मी कमावत नाही, मग मूल कसं मिळेल?" हे आम्हाला प्रत्येक गावात विचारतात. आई कमावत नाही एवढ्यावरून मूल जात नाही. लेकराचा खर्च बापाकडून मागता येतो.

तिची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सध्या दोन्ही लेकरं तिच्याजवळ आहेत. गटानं हप्ते लांबवून दिलेत, आणि बोअरच्या पावत्या गटाच्या कपाटात सापडल्या, त्या वकीलबाईंकडे दिल्यात.

त्यानंतरच्या बैठकीला आम्ही बचतीच्या वहीबरोबर घराचा नमुना आठचा उतारा आणायला सांगितलं. अकरा उतारे आले. चारांवर बाईचं नाव होतं. त्यातल्या दोघी विधवा. आम्ही दोघी समन्वयकांनी आमचेही उतारे मांडले, त्यांवर नव्हतं.